संत जॉन मेरी व्हियानी: मागच्या बाकावरील विद्यार्थी

प्रतिवर्षी ४ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा संत जॉन मेरी व्हियानी यांचा सण साजरा करते. फ्रान्समधील आर्स या लहानशा खेड्याचे हे धर्मगुरू. १९२९ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना जगभरातील धर्मग्राम-प्रमुखांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. २००९ साली त्यांच्या मृत्यूला १५० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी धर्मगुरूंचे विशेष वर्ष पाळले. सणाच्या दिवशी आपण फादरांना फुले देतो, शुभेच्छा देतो आणि प्रवचनात संतांच्या आयुष्यातील एक गोष्ट हमखास ऐकतो. लॅटिन भाषा न जमल्यामुळे सेमिनरीतून घरी पाठविला गेलेला हा विद्यार्थी पुढे जगप्रसिद्ध संत झाला, ही ती गोष्ट. ऐकणाऱ्यांना बरे वाटते, काहीजण हसतातही, आणि गोष्ट तेथेच संपते. परंतु ज्याच्या बाबतीत ती घडली त्याच्यासाठी ती तेथे संपली नव्हती. ती त्याला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत पुरली. म्हणून या लेखात त्या गोष्टीपाशी जरा अधिक वेळ थांबावयाचे आहे.

त्याला कारण आपल्याच भागातील मुले आहेत. शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्व कडेवरील दोन तालुक्यांची गावे. येथे आपली कॅथलिक कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. कुणाचे आजोबा रेल्वेच्या नोकरीमुळे दौंड जंक्शनला स्थायिक झाले, कुणी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळाले म्हणून शिरूरला आले. घरी बोलायची भाषा मराठी, कोकणी किंवा तमिळ, आणि मूल घातलेले असते इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. गळीत हंगाम सुरू झाला की याच तालुक्यांतील साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांची कुटुंबे येतात. त्यांची मुले वर्षातून दोनदा शाळा बदलतात, किंवा शाळेला मुकतात. अशा प्रत्येक वर्गात मागच्या बाकावर एक मूल असते, ज्याचे नाव घेतले की बाकीची मुले हसतात. त्याला आपल्या भाषेत एका अक्षराची पदवी दिली जाते: ढ. ती देताना कुणालाच आपण काही गंभीर करीत आहोत असे वाटत नाही.

जॉन मेरी यांचा जन्म ८ मे १७८६ रोजी लियों शहराजवळील दार्दिली गावात झाला. माथ्यू व्हियानी आणि मारी बेल्युझ या शेतकरी दांपत्याच्या सहा मुलांपैकी ते चौथे. घर देवभीरू होते आणि वाटेने येणाऱ्या भिकाऱ्यांना तेथे जेवण व निवारा मिळत असे. मूल तीन वर्षांचे असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली. पाहता पाहता चर्चला टाळे लागले, राज्यसत्तेची शपथ न घेणारे धर्मगुरू लपून राहू लागले, आणि दार्दिलीची श्रद्धावंत कुटुंबे रात्रीच्या अंधारात कोठारांतून होणाऱ्या मिस्सेला जाऊ लागली. जॉन मेरी यांचे पहिले पापनिवेदन वयाच्या अकराव्या वर्षी स्वतःच्या घरातील घड्याळाखाली झाले. १७९९ साली त्यांनी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले, तेव्हा आतील मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांपुढे गवताने भरलेल्या गाड्या उभ्या केल्या होत्या.

अशा काळात शाळा कोठून असणार? नऊ वर्षांचे झाल्यावर गावात एक शाळा सुरू झाली, तेथे ते थोडे वाचायला-लिहायला शिकले. परंतु शेतीचा हंगाम आला की मुलगा शेतात आणि गुरांमागे. व्याकरण म्हणून काही असते हे त्यांना पुढील अनेक वर्षे ठाऊकच नव्हते. हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण व्हियानी जन्मतःच मंदबुद्धी होते असे आपण सहज बोलून जातो. त्यांना अक्षरे जुळविण्यात काही उपजत अडचण होती का, हे दोनशे वर्षांनंतर ठरविता येणार नाही. परंतु ज्या वयात मुलाची स्मरणशक्ती ताजी असते त्या वयात त्यांच्या हाती पुस्तक नव्हते, गुराख्याची काठी होती, एवढे मात्र निश्चित.

धर्मगुरू होण्याची इच्छा त्यांनी घरी सांगितली तेव्हा वडिलांनी नकार दिला. शेतावरचा तरुण हात गमावणे त्यांना परवडणारे नव्हते. दोन वर्षांनी ते राजी झाले आणि विशीच्या उंबरठ्यावरील हा तरुण जवळच्या एक्युली गावात फादर शार्ल बाले यांच्याकडे शिकायला गेला. फादर बाले हे क्रांतीच्या काळात जीव धोक्यात घालून गुप्तपणे सेवाकार्य केलेले विद्वान आणि कडक शिस्तीचे धर्मगुरू. त्यांच्या घरी इतर विद्यार्थी होते, ती सारी लहान मुले. नांगर धरून घट्टे पडलेल्या हातात लॅटिनचे पहिले पुस्तक घेऊन हा तरुण त्यांच्या शेजारी बसू लागला. रात्री पाठ केलेले सकाळी आठवत नसे.

त्या मुलांत मातियास लोरास नावाचा बारा-तेरा वर्षांचा एक हुशार मुलगा होता. व्हियानींना धडा समजावून देण्याचे काम त्याच्याकडे होते. एके दिवशी पुन्हा पुन्हा सांगूनही उत्तर चुकले, तेव्हा त्याचा संयम सुटला आणि त्याने सर्वांसमक्ष आपल्याहून कितीतरी मोठ्या असलेल्या या सोबत्याला मारले. व्हियानी शरीराने दणकट होते आणि स्वभावाने तापट. तरीही ते त्या मुलापुढे गुडघे टेकून बसले आणि आपल्या मंदपणाबद्दल त्याची क्षमा मागितली. मातियासला रडू कोसळले, त्याने त्यांना मिठी मारली आणि ती मैत्री जन्मभर टिकली. हाच मातियास पुढे अमेरिकेत गेला आणि १८३७ साली डुब्यूक धर्मप्रांताचा पहिला बिशप झाला.

संतांच्या चरित्रांत हा प्रसंग नम्रतेचे उदाहरण म्हणून येतो, आणि ते खरेच आहे. परंतु शिक्षकांनी व पालकांनी तो आणखी एका बाजूने वाचावा असे वाटते. मार खाणाऱ्यानेच क्षमा मागितली. मारणाऱ्याची चूक त्याला दिसलीच नाही, दिसली ती स्वतःची. ज्या मुलाची वर्षानुवर्षे चेष्टा होते, ते हळूहळू याच निष्कर्षाला येते. लोक हसतात त्यात त्यांचा दोष नाही, मीच तसा आहे. व्हियानींच्या बाबतीत ईश्वरी कृपेने त्या क्षणाचे मैत्रीत रूपांतर केले. पण तो निष्कर्ष त्यांच्या मनातून पुसला गेला नाही.

त्याच सुमारास, १८०६ साली, निराश झालेले व्हियानी संत फ्रान्सिस रेजिस यांच्या ला लूवेस्क येथील कबरीपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर पायी गेले. वाटेत भीक मागून खायचे असा नवस होता. किमान धर्मगुरू होण्याइतके तरी लॅटिन यावे, एवढेच त्यांचे मागणे होते. परतल्यावर अभ्यास सोपा झाला नाही, परंतु तो सोडून द्यावा असे वाटणे थांबले.

मग सैन्यभरती आली. १८०९ साली नेपोलियनच्या सैन्यात नाव लागले, आजारपणामुळे ते तुकडीच्या मागे पडले, आणि परिस्थितीच्या ओघात पळून आलेले सैनिक ठरून ले नोए या डोंगराळ गावात खोट्या नावाने लपून राहिले. या प्रकरणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, येथे फक्त एक गोष्ट नोंदवू. तेथील लपलेल्या चौदा महिन्यांत त्यांनी गावातील मुलांना वाचायला शिकविले. ज्याला स्वतःला जमत नव्हते, तो शिक्षक झाला आणि त्या मुलांना तो आवडला. १८१० साली माफी जाहीर झाली व धाकटा भाऊ त्यांच्या जागी सैन्यात गेला. पुढच्याच वर्षी आई वारली.

१८१२ साली, सव्वीस वर्षांचे असताना, ते वेरियेर येथील लहान सेमिनरीत दाखल झाले. सुमारे दोनशे विद्यार्थी, बहुतेक सारे वयाने लहान. शिक्षकांनी पहिल्यांदा लॅटिनमध्ये प्रश्न विचारला तेव्हा त्यांना तो समजलाच नाही, आणि वर्गात हशा पिकला. पुढे त्यांच्यासह सात जणांचा एक वेगळा गट करून त्यांना फ्रेंचमध्ये शिकविण्याची सोय केली गेली. सोय चांगलीच होती. परंतु वेगळ्या गटात बसविलेल्या मुलाला त्या वेगळेपणाचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. त्याच सेमिनरीत मार्सेलिन शाम्पान्या नावाचा आणखी एक शेतकऱ्याचा मुलगा होता. लहानपणी शाळेच्या पहिल्याच दिवशी शिक्षकांनी दुसऱ्या एका मुलाला थप्पड मारलेली पाहून तो घरी आला आणि पुन्हा त्या शाळेत गेला नाही. वेरियेरमध्ये त्यालाही पहिल्या वर्षानंतर घरी पाठविण्यात आले होते. त्याने पुढे १८१७ साली मारिस्ट बंधूंचा शिक्षकसंघ स्थापन केला, आणि १९९९ साली तोही संतपदाला पोहोचला. अभ्यासात मागे पडलेले दोन संत एकाच शाळेत! ख्रिस्तसभेच्या इतिहासात असा योग क्वचितच आला असेल.

१८१३ च्या शरद ऋतूत व्हियानी लियोंच्या मोठ्या सेमिनरीत गेले. तेथे सर्व व्याख्याने लॅटिनमधून होत. पाच-सहा महिन्यांत निकाल लागला: हा विद्यार्थी पुढे जाऊ शकत नाही. त्यांना घरी जाण्यास सांगण्यात आले.

या ठिकाणी फादर बाले यांनी जे केले त्याकडे नीट पाहिले पाहिजे. त्यांनी शिष्याला धीर दिला, पण नुसता धीर देऊन ते थांबले नाहीत. त्यांनी तेच ईशज्ञान त्याला फ्रेंचमधून शिकविण्यास सुरुवात केली. काही महिन्यांनी पुन्हा परीक्षा झाली तेव्हा विद्वान परीक्षकांना पाहून व्हियानी गोंधळले आणि पुन्हा अडखळले. फादर बाले स्वतः लियोंला गेले, अधिकाऱ्यांना भेटले, आणि परीक्षा पुन्हा एक्युलीच्या घरात घ्यावी अशी विनंती केली. ती मान्य झाली. ओळखीच्या खोलीत, ओळखीच्या माणसासमोर, स्वतःच्या भाषेत प्रश्न विचारले गेले आणि व्हियानींनी त्यांची समाधानकारक उत्तरे दिली. विषय तोच होता आणि विद्यार्थीही तोच. खोली आणि भाषा तेवढी बदलली होती.

इंग्रजी माध्यमातील आपल्या मुलाच्या प्रगतीपुस्तकावर लाल शेरा पाहून हादरलेल्या आईवडिलांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. मूल विज्ञानात कच्चे आहे की विज्ञान ज्या भाषेत विचारले त्या भाषेत कच्चे आहे, हे घरी एकदा मराठीत विचारून पाहायला काय हरकत आहे? आणि तरीही अडचण राहिली, अक्षरे उलटसुलट दिसत असतील, आकडे जागा बदलत असतील, तर तो आळस नव्हे. तारे जमीं पर हा चित्रपट २००७ साली आला तेव्हा डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोहोचला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे. तपासणी करून प्रमाणपत्र मिळाल्यास आपल्या बोर्डाच्या परीक्षेत अधिक वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी दौंडहून गाडीने किंवा शिरूरहून एसटीने पुण्याला दोन-चार खेपा घालाव्या लागतील. फादर बाले यांनीही लियोंच्या खेपा घातल्या होत्या.

शेवटी निर्णय व्हिकर जनरल यांच्याकडे गेला. क्रांती आणि युद्धे यांमुळे धर्मगुरूंची तीव्र टंचाई होती. त्यांनी हा तरुण श्रद्धाळू आहे का, पवित्र मरियामातेवर त्याची भक्ती आहे का, एवढे विचारले, आणि उरलेले ईश्वरी कृपेवर सोपवून संमती दिली. १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रनोबल येथे जॉन मेरी व्हियानी यांना गुरुदीक्षा मिळाली. ते तेथे एकटेच, पायी गेले होते. घरचे कुणी सोबत नव्हते.

दीक्षा मिळाली, परंतु पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार लगेच मिळाला नाही. त्यासाठी आणखी काही महिने थांबावे लागले. पुढे ज्यांच्या पापनिवेदनासाठी सारा युरोप लोटणार होता, त्या धर्मगुरूवर हा अविश्वास दाखविला गेला होता. अधिकार मिळाल्यावर त्यांच्यापुढे पापनिवेदनासाठी पहिल्यांदा येऊन गुडघे टेकले ते फादर बाले यांनी. एखाद्या गुरूने शिष्याला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र कसे द्यावे, हे मला सुचत नाही. डिसेंबर १८१७ मध्ये फादर बाले वारले. त्यानंतर दोन महिन्यांनी व्हियानींची नेमणूक आर्सला झाली. वस्ती सुमारे २३० माणसांची, ओसाड, दूर, कुणालाही नको असलेली. तेथे पाठविण्यामागे अर्थातच त्यांच्याकडून फारशा अपेक्षा नव्हत्या.

आर्समधील त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांचे वर्णन चरित्रकार भक्तिभावाने करतात, परंतु ते वाचताना मन अस्वस्थ होते. रविवारच्या प्रवचनासाठी ते आठवडाभर सॅक्रिस्टीत बसून पुस्तकांतून उतारे काढीत, लिहून ठेवीत, पाठ करीत, रिकाम्या चर्चमध्ये मोठ्याने म्हणून पाहत. तरीही व्यासपीठावर मध्येच धागा सुटे, आणि काही वेळा त्यांना प्रवचन अर्धवट सोडून खाली उतरावे लागले. समोर तेव्हा शंभरेक शेतकरी होते, लियोंचे परीक्षक नव्हते. परंतु भरलेल्या वर्गात उभे राहून उत्तर न आलेल्या मुलाला, पुढे कुठल्याही सभेत उभे राहिले की, तोच वर्ग दिसत असतो.

या काळात ते इतरांशीही कठोर होते, हे लपवू नये. दारूचे गुत्ते आणि नाचगाणी यांच्याविरुद्ध त्यांनी वर्षानुवर्षे झगडा केला. प्रवचने भीती घालणारी होती, पापक्षमा देण्यास ते दीर्घकाळ थांबवून ठेवीत. स्वतःला तर त्यांनी उकडलेल्या बटाट्यांवर आणि तीन-चार तासांच्या झोपेवर ठेवले होते. स्वतःवर ज्याचा विश्वास नाही तो माणूस पुष्कळदा नियमांचा आधार शोधतो. त्यांचा आवाज पुढे मऊ होत गेला. जसजशी माणसांची दुःखे कानी पडू लागली, तसतसे ते पाठ केलेले प्रवचन सोडून देवाच्या प्रेमाविषयी आपल्या साध्या शब्दांत बोलू लागले.

१८२४ साली त्यांनी गावातील मुलींसाठी विनामूल्य शाळा सुरू केली. तिचे नाव प्रोव्हिदान्स. कॅथरीन लासान्य आणि बेन्वात लार्दे या गावातल्याच दोन तरुणी तेथे शिकवीत. हळूहळू ते अनाथ मुलींचे घर झाले आणि एके काळी तेथे साठच्या आसपास मुली राहत होत्या. शाळेत ज्याला सर्वाधिक त्रास झाला त्यानेच आपल्या तुटपुंज्या पैशांतून पहिली इमारत घेतली ती शाळेसाठी. तेथील धर्मशिक्षणाचे वर्ग ते स्वतः घेत. पुढे मोठी माणसे ऐकायला येऊ लागली आणि तोच वर्ग दररोज सकाळी अकरा वाजता चर्चमध्ये भरू लागला. मे १८४५ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम कॅथिड्रलमधील प्रवचनांमुळे गाजलेले डोमिनिकन धर्मगुरू लाकोर्देर आर्सला आले आणि लोकांमध्ये बसून त्यांनी ते साधे शिक्षण ऐकले. या भेटीचा आनंद व्हियानींना झाला, परंतु विद्येचे आणि अज्ञानाचे दोन टोक एकत्र आले, असाच अर्थ त्यांनी लावला. आपण दुसरे टोक आहोत याविषयी त्यांना शंका नव्हती.

प्रसिद्धी वाढली तसा शेजारच्या धर्मगुरूंचा रोष वाढला. अज्ञानी माणूस एवढ्या आत्म्यांना मार्गदर्शन करतो, हे त्यांना सहन होईना. निनावी पत्रे आली, चारित्र्यावर शिंतोडे उडविले गेले. व्हियानींचे शिक्षण अपुरे आहे अशी तक्रार करणारा एक अर्ज बिशप देव्ही यांच्याकडे पाठविण्यासाठी हातोहात फिरत होता. तो चुकून त्यांच्याच हाती आला. त्यांनी तो वाचला, खाली आपली सही केली आणि पुढे पाठवून दिला. बिशपांनी त्यांच्याकडे अवघड प्रकरणे पाठवून त्यांचे निर्णय तपासले आणि ते योग्य असल्याचे त्यांना आढळले. अर्जाचा विषय तेथे संपला. सही करणाऱ्याच्या मनात तो संपला होता का? ती सही नम्रतेची होती, यात संशय नाही. पण अर्जातील मजकूर त्यांना खरोखरच पटला होता, असेही मला वाटते.

१८४५ पासून त्यांच्या हाताखाली आलेल्या फादर रेमों यांनी त्यांना आठ वर्षे पुष्कळ अपमान सोसायला लावले. लोकांसमोर टोकणे, व्यासपीठावरून विरोध करणे हे नित्याचेच. त्यांच्या शिक्षणाला व्हियानींनीच पैशाची मदत केली होती. गावकरी संतापत, व्हियानी मात्र त्यांची बाजू घेत. मातियास लोरासपुढे गुडघे टेकलेला तरुण आता साठी ओलांडलेला होता, पण मूळ सवय तीच राहिली होती.

आणि मग ती पलायने. नम्रतेच्या गोष्टींत त्यांचा उल्लेख ओझरता येतो. व्हियानी आर्समधून पळून जाण्यास तीनदा निघाले. १८४० च्या सुमारास एका रात्री ते निघाले आणि वाटेतून परतले. सप्टेंबर १८४३ मध्ये, मोठ्या आजारातून उठल्यावर, ते रात्रीच्या अंधारात दार्दिलीला आपल्या भावाच्या घरी पोहोचले; मागोमाग यात्रेकरू तेथेही येऊन थडकले आणि आठवड्याभरात ते परत आले. तिसऱ्यांदा सप्टेंबर १८५३ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, ते मध्यरात्री कंदील घेऊन बाहेर पडले. गावकऱ्यांना सुगावा लागला, चर्चची घंटा वाजविण्यात आली, लोक रस्त्यात आडवे आले. थोड्या वेळाने वृद्ध धर्मगुरू मुकाट्याने चर्चमध्ये गेले आणि पापनिवेदन ऐकायला बसले.

प्रत्येक वेळी कारण एकच होते. धर्मग्रामाची जबाबदारी पेलण्याइतके आपण शिकलेले नाही, पात्र नाही, कुठेतरी एकांतात जाऊन आपल्या पापांसाठी रडावे. मुक्त करण्याची विनंती त्यांनी आपल्या बिशपांना वारंवार केली होती. ज्यांच्याकडे अखेरच्या वर्षांत वर्षाला सुमारे ऐंशी हजार माणसे येत होती, लियोंच्या रेल्वे स्थानकावर आर्सला जाणाऱ्यांना आठ दिवस चालणारे परतीचे तिकीट मिळे कारण त्याआधी त्यांची गाठ पडण्याची शाश्वती नसे, जे दिवसातील सोळा-सतरा तास लोकांची पापनिवेदने ऐकत, त्यांना आपण या कामासाठी अयोग्य आहोत असे अगदी मनापासून वाटत होते. नम्रता म्हणजे स्वतःविषयीचे सत्य ओळखणे, असे आपले गुरुजन शिकवितात. व्हियानींचे देवापुढील लहानपण हे सत्य होते. आपल्याला काही कळत नाही, ही समजूत मात्र सत्य नव्हती. ती वेरियेरच्या वर्गातील हशाने शिकविलेली होती. या दोन गोष्टी एकाच माणसात शेजारी शेजारी राहिल्या, आणि देवाने त्याला संत करताना दुसरी काढून घेतली नाही. म्हणूनच या संतांचे उदाहरण देऊन मुलांची चेष्टा हलकी लेखू नये. कृपेने जखमेतूनही काम केले म्हणून जखम करणे निर्दोष ठरत नाही.

आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातही हे घडते, हे कबूल केले पाहिजे. प्रथम ख्रिस्तशरीराच्या तयारीत प्रार्थना पाठ म्हणून घेतल्या जातात. एक मूल विश्वासांगीकारात दरवेळी त्याच ओळीवर अडते. पुढच्या रांगेतील मुले ती ओळ हसत हसत पुरी करतात आणि शिकविणारेही नकळत स्मित करतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. रविवारच्या वर्गाला असा कायदा नसला तरी तेथे क्रूस टांगलेला असतो.

१८५२ साली नव्या बिशपांनी व्हियानींना मानाचा कॅनन हा किताब देऊन त्याचे वस्त्र त्यांच्या खांद्यावर घातले, तेव्हा ते इतके संकोचले की जणू कुणी शिक्षा फर्मावली होती. काही दिवसांतच त्यांनी ते पन्नास फ्रँकला विकले आणि पैसे गरिबांना दिले. सरकारने पाठविलेले सन्मानपदक त्यांनी कधी लावले नाही. आर्सच्या दुकानांतून त्यांची चित्रे विकली जात. त्यांवर सही करायला ते नकार देत. चित्रकारांसमोर बसणे त्यांनी कधीच मान्य केले नाही.

मातियास लोरास यांचे १९ फेब्रुवारी १८५८ रोजी डुब्यूक येथे निधन झाले. त्यानंतर दीड वर्षाने, ४ ऑगस्ट १८५९ च्या पहाटे, जॉन मेरी व्हियानी त्र्याहत्तराव्या वर्षी शांतपणे प्रभुचरणी विलीन झाले. १९०५ साली त्यांना धन्यवादित आणि ३१ मे १९२५ रोजी संत म्हणून घोषित करण्यात आले.

फादर बाले यांच्या मृत्यूनंतर व्हियानींनी त्यांची एक वस्तू मागून घेतली होती. तो एक साधा लहान आरसा होता. स्वतःचे चित्र पाहणेही ज्यांना नको वाटे, त्यांनी तो आयुष्यभर जपून ठेवला. आपल्या गुरूंचा चेहरा एके काळी त्यात उमटला होता, एवढेच कारण ते सांगत. दररोजच्या मिस्सेत ते फादर बाले यांचे नाव घेत, आणि त्यांच्याविषयी बोलताना म्हातारपणीही त्यांचे डोळे भरून येत.